मालुबाईची ऐरण

सन एकोणीसशे एकतीसच्या दसऱ्याला कोंडवाडीत जे झालं, त्याला गावातले पुरुष पुढे कित्येक वर्षं ‘तो घोळ’ म्हणायचे. बायका काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या.

कोंडवाडी नंदगडच्या पलीकडची, शेतं संपून जंगल सुरू होतं तिथली. इथला गडी एक वेळ पटक्याशिवाय दिसेल, पण कमरेच्या मागच्या आकडीत कोयता अडकवल्याशिवाय दिसायचा नाही. आणि तो कोयता नागोजी लोहाराच्या भट्टीतला असला, तर स्वारी जरा छाती पुढे काढूनच चालायची. ‘नागोजीचं पाणी’ म्हटलं की खानापूरच्या बाजारातही माणूस वळून बघायचा. पाणी म्हणजे प्यायचं नव्हे. पातं घडवून झालं की शेवटी एकदा तापवतात आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवतात. त्याला पाणी पाजणं म्हणतात. क्षण चुकला तर पातं एक तर मऊ पडतं नाहीतर काचेसारखं तडकतं. लोहाराची सगळी विद्या त्या एका क्षणात असते.

आता त्या क्षणाचा एक रिवाज होता. दिवसभर लोहारीण भाता ओढायची, मणाचा घण उचलून लाल लोखंडावर घालायची, घामाने न्हाऊन निघायची. ते सगळं चालायचं. पण पाणी पाजायची वेळ आली की तिने बाहेर जायचं, दार लावून घ्यायचं. बाईची सावली पडली की म्हणे पातं बाटतं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारलं तर सांगणारा नुसता डोळे वटारायचा. म्हणजे घण मारताना ती बाई नसायची, पाणी पाजताना मात्र नेमकी व्हायची! असल्या शहाणपणापुढे हात टेकावेत.

नागोजीची बायको मालुबाई. अंगाने काटक, बोलायला तोडकी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने घण मारला आणि पाणी पाजायच्या वेळी बाहेर जाऊन उभी राहिली. मग नागोजीच्या डोळ्यांवर सारा पडू लागला. जाळाकडे बघून बघून लोहाराचे डोळे जातातच. यात नवल काही नव्हतं, पण नागोजीने ते मनाला फार लावून घेतलं. तापलेलं पातं त्याला लाल दिसेना, सगळं राखेसारखं दिसायचं. दोन-तीन कोयते तडकले ते त्याने कोळशाच्या ढिगाखाली दडवले. एके दिवशी पाणी पाजायच्या वेळी मालुबाई बाहेर निघाली, तर तो हलकेच म्हणाला, “मागल्या दारानं परत आत ये.”

त्या दिवसापासून हेच चाललं. मालुबाई घागर घेऊन पुढच्या दाराने सगळ्यांदेखत बाहेर पडायची, दार ओढून घ्यायची, आणि परड्यातून वळसा घालून मागून आत शिरायची. सांडशी तिच्या हातात असायची. नागोजी शेजारी बसून कानात सांगायचा. “पिकल्या रातांब्याचा रंग आला का? आला की पानी. केशरी झालं तर गेलं म्हनून समज.” सुरुवातीला ती त्याने विचारेपर्यंत थांबायची. पुढे तो विचारायच्या आधीच पातं पाण्यात गेलेलं असायचं. तसं झालं की नागोजी हसायचा, आणि लगेच गप्प व्हायचा. “गावाला कळू देऊ नगंस गं,” असं तो किती वेळा म्हणाला असेल! मरायच्या आदल्या दिवशीही हेच म्हणाला. मालुबाईने मान हलवली. त्याला दिसलं नाही, म्हणून तोंडाने ‘व्हय’ म्हणाली.

नागोजी जाऊन वर्ष उलटलं. पोटी मूल नव्हतं. माहेर पिरनवाडीला, पण भाऊ भावजयीच्या मुठीत, तिथे तिला कोण विचारतो? तिला होती ती एक भट्टी आणि एक ऐरण. त्या वर्षभर लोक तिच्याकडे नुसतं धार काढायला यायचे. नवं पातं मात्र कुणी सांगायचं नाही, कारण पाणी पाजणार कोण? लोक नंदगडच्या बाजारातून नवे कोयते आणायचे, आणि चार झुडपं तोडून झाली की धार वळली म्हणून तिच्याचकडे कुरकुरत यायचे. ती ऐकून घ्यायची. मनात म्हणायची, बोंबला.

गावचे पाटील मारुतीराव. दुसरे पाटील पाहुण्याला बैल दाखवतात, हे पाती दाखवायचे. सोप्याच्या भिंतीवर कट्यारी, बिचवे, जांबिये, शिकारीचे सुरे ओळीने टांगलेले. बेळगावच्या जुन्या घराण्यांतून, लष्करी कँपातल्या लिलावातून, जिथे मिळेल तिथून ते गंजकी पाती उचलून आणत आणि नागोजीकडे टाकत. नागोजीच्या घरी मग चिंचेचा कोळ आणि विटेची पूड लावून गंज घासायचा, शिसवाची नवी मूठ बसवायची, मोडकं टोक पुन्हा घडवायचं आणि फिरून पाणी पाजायचं. या सगळ्यांच्या मधोमध लटकायचा तो मात्र जुना नव्हता. मोटारीच्या मोडक्या कमानीच्या पोलादातून नागोजीच्या भट्टीत घडलेला सुरा होता तो, हातभर लांब. कँपातल्या एका गोऱ्या साहेबाने तो मागितला, तेव्हा पाटलांनी त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. साहेबाला नाही म्हणणारे पाटील आम्ही फार पाहिले नाहीत. त्या सुऱ्यावर त्यांचा जीव होता, आणि ते सांगायला ते लाजत नव्हते.

अशा पाटलांना गावात लोहार नाही हे कसं चालावं? त्यांनी निपाणीहून नागोजीच्या धाकट्या भावाला, यल्लाप्पाला, बोलावून घेतलं. यल्लाप्पा तिथे तंबाखूच्या वखारीतली हत्यारं दुरुस्त करायचा. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या छपराखाली राबून राबून त्याला स्वतःच्या ऐरणीची भूक लागली होती. तो बायकोला, जयाबाईला, घेऊन आला. पाटलांनी त्याच्या हातात एक जुना सुरा ठेवला. कुणा शिलेदाराच्या माळ्यावर सापडलेला, धारेला खांडं पडलेली, पण पोलाद अस्सल. “नवमीच्या आदी हा नीट झाला पायजे,” ते म्हणाले. “मग खंडेनवमीला ऐरणीची पूजा तूच कर. पूजा करंल त्याची ऐरण.”

खांडं काढून झाली. पाणी पाजायची वेळ आली तशी यल्लाप्पाने दोघी जावांना बाहेर काढलं. मालुबाईला मात्र राहवलं नाही. ती परड्याकडून मागच्या दारात येऊन उभी राहिली. तंबाखू कापायची पातळ पाती केशरी होईस्तोवर तापवून थंडगार पाण्यात मारायची यल्लाप्पाची सवय. जुन्या जाड पोलादालाही त्याने तेच औषध लावलं होतं. पातं रातांबा ओलांडून केशरी झालं होतं.

“भावजी, थांबा! लई तापलंय!”

त्याने दचकून बघितलं आणि पातं पाण्यात घातलं. चट्ट आवाज झाला. धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला होता.

यल्लाप्पा खाली बसला. त्याने आधी पात्याकडे, मग दाराकडे बघितलं आणि त्याला तिथे कारण सापडलं. “वैनी,” तो म्हणाला, “तुमची सावली पडली.” तो खोटं बोलत नव्हता, हीच खरी पंचाईत होती. त्याला ते मनापासून पटलं होतं. पाटलांनाही पटलं, आणि अंधार पडायच्या आत सगळ्या गावाला पटलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कोंडवाडीत या दिवशी घराघरातली पाती लोहाराच्या भट्टीवर येतात. ऐरणीपुढे घोंगडं अंथरतात, त्यावर कोयते, विळे, कुऱ्हाडी, सुऱ्या सगळं मांडतात. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पाटलांनी स्वतःचा लाडका सुराही त्या दिवशी भिंतीवरून काढून घोंगड्यावर ठेवला. यल्लाप्पा धूतवस्त्र नेसून, हळदकुंकवाचं ताट घेऊन उभा राहिला. मालुबाई कोपऱ्यात होती.

“मालुबाई,” पाटील म्हणाले, “उद्या गाडी जुपून देतो. पिरनवाडीला भावाकडं जावा. तुमच्या सावलीनं पातं फुटलं. आता ह्या उंबऱ्याच्या आत पाय नको.”

कोपऱ्यात उभ्या मालुबाईला नागोजीचा आवाज आठवला, कळू देऊ नगंस गं. तिने सात वर्षं तो शब्द पाळला होता आणि उरलेली वर्षंही पाळली असती. पण शब्द पाळायचा तर उद्या गाडीत बसायचं, आणि भावजयीच्या चुलीपुढे मरेस्तोवर मान खाली घालायची. त्याच्या नावासाठी तिने किती दारांनी आत-बाहेर करायचं? तिला एकदम राग आला. पाटलांचा आला, यल्लाप्पाचा आला, आणि खरं सांगायचं तर मेलेल्या नवऱ्याचाही आला.

“पाटील,” ती पुढे येऊन म्हणाली, “माझ्या सावलीनं एक पातं फुटलं म्हंता. मग ही घोंगड्यावर पडल्यात, ती का न्हाय फुटली?”

“म्हंजे?”

“म्हंजे ह्यास्नी पानी मी पाजलंय. सावली न्हवं, माझा हात लागलाय. ह्यांचं डोळं गेलं तवापास्नं ह्या भट्टीतल्या एकूनएक पात्याला पानी मी दिलंय.”

भट्टीत असा गलका उडाला की झाडावरचे कावळे उठले. “वैनी, मेलेल्या मानसावर किटाळ घेता व्हय?” यल्लाप्पा ओरडला. “माझा भाऊ बायकूच्या हातानं...”

“बायकूच्या हातानं भाकरी खात हुता तवा न्हाय लाज वाटली कुनाला!” मालुबाईचा आवाज चढला. “त्यांनी शिकवलं, मी केलं. डोळं गेलं हुतं, अक्कल न्हवती गेली. घागर घिऊन म्होरल्या दारानं जायची नि परड्यातनं आत यायची मी. इचारा कुनालाबी, घागर भरून परत येताना कुनी बघितलंय का मला?”

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी खुसकन हसलं. विहिरीवर रोज जाणाऱ्या त्या. मालुबाई घागर घेऊन निघते आणि विहिरीवर पोचत नाही, हे त्यांनी केव्हाच हेरलेलं असणार. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

म्हातारा भरमाआप्पा काठीवर रेलून उभा होता. त्याने घसा खाकरला. “खरं असंल, पाटील. शेवटी शेवटी मी उंबऱ्यात उभा असायचो, हाताच्या अंतरावर, तर नागोजी म्हनायचा, ‘कोन हाय?’ मला वाटायचं, चेष्टा करतोय. चेष्टा न्हवती तर.”

आता सगळ्यांच्या नजरा घोंगड्यावर गेल्या. आपापल्या पात्याकडे जो तो असा बघू लागला की जणू ते आता उठून बोलेल. मारुतीरावांची नजर त्या एका सुऱ्यावर खिळली होती.

“हा सुद्धा?” त्यांनी विचारलं.

“तो तर आदी,” मालुबाई म्हणाली. “त्याला पानी पाजलं त्या दिशी ह्यांस्नी ताप हुता. आत निजलं हुतं. मी एकटी हुते.”

पाटलांचा चेहरा उतरला. मालुबाई मात्र आता थांबणारी नव्हती. गावाचा जुना रिवाज होता, भट्टीवर टाकून दिलेलं लोखंड लोहाराचं. तिने तोच उचलला. “माझ्या हातचं पातं बाटलेलं वाटतंय ना? उद्या न्यायला येशीला. ज्याला बाट वाटतोय त्यानं आपलं हितंच टाकून जावं, मी भट्टीत घालीन. आनि जो घिऊन जाईल, त्यानं परत सावलीचं नाव काडायचं न्हाय. उद्याच्याला कळंल, ऐरन कुनाची.”

एवढं बोलून ती यल्लाप्पाकडे गेली. तो ताट धरून तसाच उभा होता. तिने ताट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ऐरणीला हळदकुंकू लावलं. विधवा बाईने! कुणीतरी ‘अरं अरं’ केलं, पण ते होईपर्यंत लावून झालंही होतं.

त्या रात्री कोंडवाडीत चुलीचुलीपुढे एकच विषय. पुरुष तावातावाने म्हणत होते की बाईच्या हातचं पातं कमरेला लावणार नाही म्हणजे नाही. बायका जेवायला वाढत होत्या आणि ऐकून घेत होत्या.

दसऱ्याला सकाळी मालुबाई भट्टी पेटवून ऐरणीशेजारी बसली. वर्षानुवर्षांचं काम समोर पडलं होतं, आणि गावाने ते सगळं तसंच टाकलं असतं तर तिला ते आपल्याच हाताने जाळावं लागलं असतं. बोलून तर गेली होती. यल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता, जयाबाई त्याच्या शेजारी.

बराच वेळ कुणी येईना. मग पहिल्या आल्या त्या बायका. त्यांना रात्री ठरलेल्या गोष्टींशी काही कर्तव्य नव्हतं. सणाचा स्वयंपाक पडला होता, भाजी चिरायची होती, नारळ खवायचा होता. त्यांनी आपापल्या सुऱ्या आणि विळ्या उचलल्या, पदराला पुसल्या आणि चालत्या झाल्या. एकीने जाता जाता विचारलं, “मालुआक्का, माजी जरा बोथट झालीया. उद्या आनू का?”

त्यांच्यामागून रवळू आला. हा रात्री सगळ्यांत मोठ्याने बोललेला. बैलांना वैरण नव्हती. त्याने इकडेतिकडे बघितलं, कोयता उचलला, सवयीने अंगठा धारेवरून फिरवला आणि आकडीत अडकवून खाली मान घालून गेला. मग काय, रांगच लागली. तत्त्वाचा मामला होता, पण नंदगडच्या बाजारातल्या कोयत्यांची धार सगळ्यांनी वर्षभर अनुभवली होती. भरमाआप्पाने आपली कुऱ्हाड नातवाकडून न उचलवता स्वतः वाकून उचलली आणि मालुबाईला रामराम केला. घोंगडं रिकामं होत गेलं.

शेवटी एकच सुरा राहिला. पाटील आले तेव्हा अर्धं गाव पुन्हा जमलं होतं. ते घोंगड्यासमोर उभे राहिले. त्यांचा हात एकदा हललाही. हातभर लांबीचं ते निळसर पातं आणि शिसवाची गुळगुळीत मूठ बघून त्यांना वेदना होत होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण भोवती गाव होतं, आणि ते गावचे पाटील होते.

“माझ्या भिंतीवर बाईच्या हातचं पातं लागनार न्हाय,” ते म्हणाले. “हितंच पडू दे. बघू कोन हात लावतंय.”

त्यांचा हिशेब सरळ होता. पाटलाच्या सुऱ्याला हात लावायची छाती कुणाची होणार नाही, तो तिथेच पडून राहील, आणि चार दिवसांनी बाईच हातापाया पडत वाड्यावर आणून देईल.

मालुबाई उठली. तिने सुरा उचलला, मुठीचे खिळे तोडले, मूठ बाजूला ठेवली आणि पातं जाळात सारलं.

“अगं ए! काय करतीस?” पाटील ओरडले.

“टाकलेलं लोखंड लोहाराचं.” तिने सांडशी तशीच धरली होती. “अजून लाल झालं न्हाय. पायजे असंल तर सांगा, काडून तुमच्या हातात देते. ‘मालुबाई लोहारनीनं केलेला माझा सुरा मला द्या’, एवढंच म्हना. गावासमोर.”

पाटलांचे ओठ हलले. जाळात पात्याच्या कडेवर आधी पिवळी, मग जांभळी छटा धावली. मालुबाईच्या हातून यापेक्षा चांगलं पातं झालं नव्हतं आणि पुढे होईल याची खात्री नव्हती. त्यांनी म्हणावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यांनी म्हटलं असतं तर तिने तो सुरा पदराने पुसून दिला असता.

पाटील वळले आणि कुणाकडे न बघता निघून गेले. डोळ्यांत आलेलं मालुबाईने पुसलं नाही, गाव बघत असलं तर बघू दे.

“एवढ्या पात्यात दोन खुरपी आरामात निघत्यात,” ती म्हणाली. मग लाल झालेलं पातं तिने सांडशीने ऐरणीवर घेतलं आणि यल्लाप्पाकडे बघितलं. “भावजी, सांडशी मी धरनार. राहायचं असंल तर घण घ्या. न्हायतर पाटलांनी गाडी जुपलीच हाय.”

यल्लाप्पा जागचा हलेना. आजवर त्याने सांडशी धरली होती आणि घण दुसऱ्याने मारला होता. ती दुसरी म्हणजे जयाबाई. लोखंड थंड व्हायला लागलं, तशी तिला ते बघवेना. तिने कासोटा आवळला, नवऱ्याच्या पायांवरून पलीकडे गेली आणि घण उचलला. “कुटं मारू, आक्का?”

मालुबाईने हातोडीने जागा दाखवली. जयाबाईने घण घातला. पुन्हा दाखवली, पुन्हा घातला. दारातल्या बायका आता उघड उघड हसत होत्या. पुरुषांना कुठे बघावं कळेना, म्हणून ते पायाखालची माती उकरत होते. चार घाव झाले आणि मालुबाईने पातं परत जाळात सारलं, तर जाळ विझत आला होता. दोघींचे हात अडकलेले, भाता ओढायला कुणी नव्हतं.

यल्लाप्पाने एकदा बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग तो उठला, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि मुकाट्याने भात्यापाशी जाऊन बसला.